ताटातला न सांगितलेला कांदा

सकाळी ६. लोणंदच्या बाजारात कांद्याच्या गाड्या लागल्यात. हमालांच्या चहाजवळ बाटल्या घेऊन उभा आहे. आधी संमतीची सही, मग लघवीचा नमुना आणि एक प्रश्न: काल काय खाल्लं?

"भाकरी आन् पिठलं. दुसरं काय?"

"कांदा, मामा?"

"त्यो तर असतोच की! त्यो काय सांगायचा?"

खंडाळा तालुक्यात कांद्याचा भाव सगळ्यांना तोंडपाठ, पण खाण्याच्या हिशेबात तो कुणी धरत नाही. क्वेर्सेटिन हे पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींतलं एक संयुग, तर त्यात भरपूर. खाल्लेल्या पॉलिफेनॉलची खूण लघवीत उतरते, म्हणून मला तोंडी उत्तरापेक्षा तिचा भरवसा जास्त.

९. बर्फातले नमुने कॉलेजच्या प्रयोगशाळेत.

१०. फोलिन-सिओकाल्ट्यू अभिकर्मक, १९२७ सालचा. पिवळा द्रव पॉलिफेनॉल भेटलं की निळा होतो. पण क जीवनसत्त्वानेही होतो आणि लघवीतल्या युरिक आम्लानेही. पिठल्यावर लिंबू पिळलं असेल तर आकडा उगाच फुगायचा! म्हणून नमुन्यात आम्ल घालून तो शोषक भरलेल्या नळीतून हळूहळू सोडायचा, नळी धुवायची, अडकलेलं पॉलिफेनॉल शेवटी आम्लयुक्त मिथेनॉलने उतरवायचं. यातच दुपार होते. विद्यार्थी कंटाळतात, पण ही पायरी मी गाळू देत नाही. स्वस्त पद्धत विश्वासाची होते ती इथेच.

२. जेवताना विद्यार्थ्यांना इटलीतल्या टस्कनीतला अभ्यास सांगितला. ६५ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाची ८०७ माणसं, १२ वर्षांचा पाठपुरावा, २०१३ साली प्रसिद्ध. लघवीत पॉलिफेनॉल जास्त असणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसलं. त्याच लोकांच्या आहाराच्या प्रश्नावलीतून मात्र असा संबंध दिसला नाही. पॉलिफेनॉलमुळेच आयुष्य वाढलं, असं यावरून म्हणता येत नाही; पण नुसतं विचारणं किती अपुरं पडतं, ते कळतं.

४. सोडियम कार्बोनेट घालून अंधारात ठेवलेल्या नळ्या निळ्या झाल्या. ७६५ नॅनोमीटरवर वाचन, तुलनेला गॅलिक आम्ल. सोबत क्रिएटिनिनही मोजलं; लघवी किती दाट, ते त्यावरून कळतं. उन्हात घाम गाळणाऱ्याची लघवी दाट, पाणी पिणाऱ्याची पातळ. क्रिएटिनिनने भागल्याशिवाय दोघांची तुलना करणं अन्याय आहे.

६. आकडे वहीत. हे पॉलिफेनॉल कांद्याचं, चहाचं की शेंगदाण्याचं, ते निळा रंग सांगत नाही. शिवाय एका नमुन्यात फार तर कालपरवाचं खाणं दिसतं. म्हणून त्याच माणसांकडे पुन्हा जायचं. पुढच्या वेळी चहाचे कपही लिहून घेणार आहे.