'क्रोक-मस्यू' : फ्रेंच न्याहारीगृहांतील कुरकुरीत सँडविच घरच्या घरी

पॅरिसमधील जवळजवळ प्रत्येक कॅफेच्या खाद्ययादीत 'क्रोक-मस्यू' हे नाव हमखास आढळते. हॅम आणि चीज घालून भाजलेले हे सँडविच दिसायला साधे असले, तरी घरी करताना ते अनेकदा ओलसर आणि चिवट होते. पदार्थामागील क्रिया समजून घेतल्यास हा दोष सहज टाळता येतो.

फ्रेंच भाषेत 'क्रोके' म्हणजे कुरकुर आवाज करत चावणे, तर 'मस्यू' म्हणजे महाशय. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा पदार्थ पॅरिसमधील कॅफेंत रूढ झाला. ख्यातनाम लेखक मार्सेल प्रूस्त यांच्या १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतही त्याचा उल्लेख आहे. याच सँडविचवर तळलेले अंडे ठेवले की त्याला 'क्रोक-मादाम' म्हणतात.

चार सँडविचसाठी पावाचे ८ काप, हॅमचे ४ काप, किसलेले ग्रुयेर किंवा एमेंटाल चीज १५० ग्रॅम, लोणी ३० ग्रॅम, मैदा ३० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, मोहरीची चटणी, मीठ, मिरपूड आणि चिमूटभर जायफळ एवढे साहित्य पुरते.

प्रथम 'बेशामेल' हा पांढरा सॉस करावा. मंद आचेवर लोणी वितळवून त्यात मैदा एक-दोन मिनिटे परतावा. त्याचा रंग बदलू देऊ नये. लोण्यामुळे मैद्याचे कण सुटे राहतात आणि गुठळ्या होत नाहीत. त्यानंतर दूध थोडे थोडे घालून सतत ढवळावे. उष्णतेने मैद्यातील पिष्टकण फुगतात आणि सॉस दाट होतो. शेवटी मीठ, मिरपूड व जायफळ घालावे.

पावाचे काप आधी हलके भाजून घेणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी होय. भाजल्याने पावाचा पृष्ठभाग कोरडा होतो आणि सॉसमधील ओलावा आत लगेच मुरत नाही. चार कापांवर मोहरीची चटणी व थोडा सॉस लावावा, हॅम व निम्मे चीज ठेवावे आणि दुसरा काप लावून झाकावे. वरून उरलेला सॉस व चीज पसरावे. ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सियस तापमानावर १० ते १२ मिनिटे भाजून अखेरची दोन मिनिटे वरची आच वाढवावी. चीज सोनेरी होताच सँडविच बाहेर काढावे; अधिक तापल्यास चीजमधील स्निग्धांश सुटून ते रबरासारखे होते. ओव्हन नसल्यास जाड तव्यावर झाकण ठेवूनही सँडविच भाजता येते, मात्र त्या वेळी सॉस आतच घालावा.

या पदार्थाला आरोग्याचीही एक बाजू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली हॅमसह सर्व प्रक्रियायुक्त मांसाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे संस्थेने नमूद केले. हॅमला गुलाबी रंग देणाऱ्या आणि ते टिकवणाऱ्या नायट्राइट क्षारांचा या धोक्याशी संबंध असल्याचे फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०२२ साली मान्य केले. त्यानंतर २०२३ साली तेथील सरकारने या क्षारांचा वापर कमी करण्याची योजना जाहीर केली. नायट्राइटविरहित हॅम फ्रेंच बाजारात उपलब्ध असून त्याचा रंग फिकट राखाडी असतो.

त्यामुळे हे सँडविच रोजच्या न्याहारीऐवजी अधूनमधून करणेच श्रेयस्कर. हॅम वर्ज्य असणाऱ्यांना त्याऐवजी लोण्यात परतून पाणी आटवलेले मशरूम वापरता येतात. बेशामेल, चीज आणि खरपूस पाव यांमुळे मूळ चवीचा बराचसा भाग त्यातही टिकून राहतो.