काट्याला न कळणारं म्हातारपण

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र आलं. त्यात दोन डॉक्टर होते: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! वजन-उंचीचं गणित सारखाच आकडा दाखवत होतं. आतली शरीरं मात्र निराळी होती.

याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली होती. त्यांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हातापायांनी किडकिडीत, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणांची स्नायूंची पुंजी जन्मापासूनच तोकडी असते. ती म्हातारपणी कुठवर पुरणार?

खानदेशातल्या वरणगावात १९६४ पासून आयुधनिर्माणी आहे. तिथून साठाव्या वर्षी निवृत्त झालेला कुणीही डोळ्यांपुढे आणा. सत्तरीत वजन जवळपास तेवढंच, म्हणून घरचे म्हणतात, ‘तब्येत चांगली आहे.’ पण पोट सुटलंय, मांड्या बारीक झाल्यात आणि पंगतीतून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. चरबीखाली लपलेल्या या स्नायूक्षयाला डॉक्टर ‘सार्कोपेनिक ओबेसिटी’ म्हणतात.

आत काय चालतं, ते थक्क करणारं आहे. मांडीच्या स्नायूत एकेक चेतापेशी शेकडो तंतू हलवते. वय वाढतं तशा यातल्या काही चेतापेशी मरतात आणि त्यांचे तंतू पोरके होतात. मग शेजारची जिवंत चेतापेशी नवी फांदी फोडते आणि त्या पोरक्या तंतूंना पदरात घेते! तरी सगळे वाचत नाहीत. झटकन आकुंचन पावणारे तंतू जास्त झिजतात; ठेच लागल्यावर तोल सावरतात ते हेच. स्नायूत चरबी शिरते. पोटातली चरबी दाह वाढवणारी रसायनं सोडते, त्याने इन्सुलिनचा प्रभाव घटतो आणि नवा स्नायू बांधण्याचं काम मंदावतं. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच उचलतात. ते घटले की साखर रक्तात रेंगाळते. उठवत नाही म्हणून माणूस बसतो आणि बसून राहिला की चरबी आणखी वाढते.

याची चाहूल घरीच लागू शकते. हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. बारा किंवा जास्त सेकंद लागले, तर आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार डॉक्टरांना दाखवावं.

१९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना पायांचा वजनी व्यायाम सुरू करायला लावला गेला. आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! तंतूंच्या कडेला निद्रिस्त पेशी असतात. भार पडला की त्या जाग्या होतात आणि स्नायूची डागडुजी करतात. नव्वदीतही स्नायू हाकेला ओ देतो.

मात्र नुसता उपास करून वजन उतरवलं, तर चरबीबरोबर स्नायूही जातो. ज्येष्ठांना रोज दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. खानदेशाच्या कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद दळलेले असतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते उडीद भरून काढतात. जोडीला दूध, ताक, घट्ट वरण किंवा अंडी हवीत.

‘आबा, तुम्ही बसा, मी आणतो,’ हे आपण मायेने म्हणतो. पण झेपेल तेवढं उठणं, जिना चढणं, पिशवी उचलणं ज्येष्ठांच्या वाट्याला राहू द्यावं. त्यांच्या हातून ते काढून घेतलं, तर उरलेला स्नायूही आपणच काढून घेतो.