कस्टर्डची साय



आपण फळांवर घालतो त्या कस्टर्डची पावडर मूळची इंग्लंडची. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. म्हणून १८३७ मध्ये त्यांनी कॉर्नफ्लोर वापरून बिनअंड्याचे कस्टर्ड केले. पुढे १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळेत जेवण पुरवणे तेथील स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. गरजू मुलांना ते मोफत मिळे. वाफवलेल्या गोड पुडिंगवर गरम कस्टर्ड ओतत. निवताना वरचा थर वाळून साय धरे. कुणी ती बाजूला सारी, कुणी मागून घेई. १९८० च्या कायद्याने हे बंधन सैल झाले. पण त्या पिढीला ती साय अजून आठवते.

मुलांनो, शेजाऱ्याचा डबा रिकामा असेल तर आपल्यातला घास त्याला द्या. तोही तो विसरणार नाही.

– मुख्याध्यापक