प्लेगच्या साली उभे राहिलेले क्रूस

यवतमाळ जिल्ह्यात गावच्या वेशीवर मारुती भेटतो, झाडाखाली शेंदूर फासलेला दगड भेटतो. दगडी क्रूस सहसा भेटत नाही. ख्रिस्ती समाज इथे नाही असं मुळीच नाही. फ्री मेथडिस्ट मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 साली यवतमाळातच सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला गेली. पण ही मंडळी प्रोटेस्टंट. चव्हाट्यावरच्या क्रूसाला हार घालणं, दिवा लावणं त्यांच्या रीतीत बसत नाही. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत तर 1955 चा. त्यामुळे गावागावांतला क्रूस पाहायचा तर पोर्तुगीज अमलाखाली राहिलेला किनारा गाठावा लागतो: गोवा, वसई आणि चक्क मुंबई.

वांद्र्याचं रनवार, चुईम, पाली किंवा माझगावची माथारपाखाडी ही खरोखरच गावं होती. भातशेती, विहिरी, कौलारू घरं. तिथले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक 1887 पासून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवू लागले. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी चौथऱ्यावर क्रूस असतो.

या क्रूसांची परंपरा पोर्तुगीज काळातली. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारात एकाच दगडातून घडवलेला सुमारे 17 फुटी क्रूस आहे. जवळ जाऊन पाहावं: खिळे, हातोडा, शिडी, भाला, कोंबडा. येशूच्या छळाच्या कहाणीतली एकेक वस्तू कोरलेली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी तो दगडच ग्रंथ होता.

मात्र गावठाणांतल्या कितीतरी क्रूसांवरची सालं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे बोट दाखवतात. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. पुढच्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडने त्याच्या जोरावर काय केलं ते मराठी माणसाला सांगायला नको. मुंबईतून माणसं लोंढ्यांनी बाहेर पडली. अशा वेळी गावठाणांतल्या लोकांनी वेशीवर, नाक्यावर क्रूस उभारले. रोग आत येऊ नये म्हणून काही, वाचलो म्हणून काही. संध्याकाळी तिथेच जमून प्रार्थना व्हायची. आपल्याकडे साथ आली की मरीआईला वेशीपार नेऊन पोचवत. देव वेगळे, भीती तीच, आणि मला वाटतं सीमेवर पहारा बसवण्याची बुद्धीही तीच. मे महिन्यात या क्रूसांपाशी आजही रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, झेंडूच्या माळा चढतात, प्रार्थनेनंतर उकडलेले चणे वाटतात.

गाव संपून शहर आलं आणि हाच क्रूस रस्त्याच्या आड येऊ लागला. सार्वजनिक जागेवरच्या बेकायदा प्रार्थनास्थळांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2009 रोजी आदेश दिला. हेतू रास्त होता. पण रस्त्याच्या आधीपासून उभ्या असलेल्या दगडाला अतिक्रमण कसं म्हणायचं? एप्रिल 2017 मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरचा, 1895 सालचा म्हणून सांगितला जाणारा क्रूस महापालिकेने पाडला. त्यावर बरीच ओरड झाली.

खरं तर पालिकेइतकीच भीती भक्तांच्या हौसेची आहे. चौथऱ्यावर कोरलेलं साल हा क्रूसाच्या वयाचा सगळ्यात जवळचा पुरावा, आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्यावरच ऑइलपेंटचे थर चढतात, वरून चकचकीत टाइल्स बसतात. आमच्याकडे वीरगळांचंही शेंदराने हेच झालं आहे. तेव्हा ज्यांच्या गल्लीत क्रूस आहे त्यांनी गवंडी बोलावण्याआधी एवढं करावं: चौथऱ्याच्या चारही बाजूंचे फोटो काढावेत, अक्षरं कागदावर उतरवावीत आणि सिटी सर्व्हेच्या जुन्या नकाशात ती जागा दिसते का ते पाहून नक्कल घेऊन ठेवावी.