उपासनेतील व्यत्यय आणि वृत्तपत्रस्वातंत्र्याची मर्यादा

प्रस्तावना

वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि उपासनास्वातंत्र्य ही दोन्ही मूल्ये अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या दुरुस्तीने एकाच वाक्यात ग्रथित केली आहेत. एरवी त्यांच्यात विरोध उद्भवत नाही. परंतु आंदोलक प्रार्थना सुरू असताना चर्चमध्ये शिरतात आणि त्यांच्यामागून पत्रकारही कॅमेरा घेऊन आत जातो, तेव्हा ही स्वातंत्र्ये परस्परांसमोर उभी ठाकतात. 18 जानेवारी 2026 रोजी मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथील सिटीज चर्चमध्ये असेच घडले. तेथील एक धर्मोपदेशक केंद्र सरकारच्या स्थलांतरविषयक अंमलबजावणी यंत्रणेत अधिकारी असल्याचे सांगून आंदोलकांनी रविवारची प्रार्थना बंद पाडली. या घटनेचे चित्रण करणारे डॉन लेमन आणि जॉर्जिया फोर्ट या पत्रकारांना 30 जानेवारी रोजी अटक झाली. आपण आंदोलक नसून पत्रकार आहोत, अशी लेमन यांची भूमिका होती. प्रस्तुत लेखात या एका खटल्याच्या गुणदोषांपेक्षा त्यामागील तात्त्विक प्रश्नाचे विवेचन करावयाचे आहे : अशा प्रसंगी पत्रकाराचे स्वातंत्र्य नेमके कोठे संपते?

1. प्रवेशाचा प्रश्न

पहिली दुरुस्ती सरकारवर बंधन घालते, खासगी व्यक्ती वा संस्थेवर नाही. चर्च सर्वांसाठी खुले असले तरी ती खासगी मालमत्ता होय. तेथे कोणी थांबावे आणि कोणी जावे, हे ठरविण्याचा अधिकार चर्चकडेच राहतो. त्यामुळे ‘मी पत्रकार आहे’ हे विधान प्रवेशाचा परवाना ठरू शकत नाही.

न्यायालयांची भूमिकाही सर्वसाधारणपणे अशीच आहे. ब्रान्झबर्ग विरुद्ध हेज (1972) या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी असे ठरविले की, ग्रँड ज्युरीपुढे साक्ष देण्याच्या कर्तव्यातून पत्रकारास घटनात्मक सूट नाही. सर्वांना लागू असणारा कायदा त्यालाही लागू होतो, हे या निर्णयामागील सूत्र. आपल्या विषयाला अधिक जवळचा खटला ओक्लाहोमा राज्यातील आहे. 1979 मध्ये ब्लॅक फॉक्स या नियोजित अणुवीज केंद्राच्या जागेत आंदोलक घुसले आणि काही पत्रकार त्यांच्यामागून आत गेले. बेकायदा प्रवेशाबद्दल या पत्रकारांना झालेली शिक्षा तेथील फौजदारी अपील न्यायालयाने 1983 मध्ये कायम केली. युरोपातही पेंटिकाइनेन विरुद्ध फिनलंड (2015) या खटल्यात निदर्शनाच्या जागेवरून हटण्याचा पोलिसांचा आदेश न पाळणाऱ्या छायाचित्रकाराला दोषी ठरविणे मानवी हक्क न्यायालयाने गैर मानले नाही. तथापि फिनलंडच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवूनही कोणतीच शिक्षा दिली नव्हती, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

2. व्यत्ययाचा प्रश्न

प्रवेश बेकायदा ठरला म्हणून उपासनेत व्यत्यय आणल्याचा गुन्हा आपोआप सिद्ध होत नाही. येथेच बहुतेक चर्चांमध्ये गल्लत होते. सेंट पॉल प्रकरणात आधार घेतला गेलेला 1994 चा केंद्रीय कायदा मुख्यतः गर्भपात केंद्रांच्या वाटा अडविणाऱ्यांविरुद्ध झाला. सिनेटर ऑरिन हॅच यांच्या पुढाकाराने त्यात उपासनास्थळांचा समावेश करण्यात आला. या कायद्याखाली बळाचा वापर, बळाची धमकी किंवा शारीरिक अडथळा यांपैकी काहीतरी घडावे लागते. शिवाय उपासना करणाऱ्याला, तो उपासना करीत आहे म्हणून, इजा करण्याचा, धाकात ठेवण्याचा वा रोखण्याचा हेतू असावा लागतो. ‘रोखणे’ म्हणजे हालचालीचे स्वातंत्र्य संकुचित करणे, अशी व्याख्याही कायद्यातच दिली आहे. अर्थात केवळ गोंगाट या व्याख्येत बसविणे कठीण. मग केवळ चित्रण कसे बसावे?

या प्रकरणात नागरिकांच्या हक्कांविरुद्ध कट केल्याचा आरोपही ठेवण्यात आला. त्या कलमाचे मूळ कू क्लक्स क्लॅनच्या दहशतीला आळा घालण्यासाठी 1870 मध्ये झालेल्या कायद्यात आहे आणि त्याखाली दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. बेकायदा प्रवेशाचा किरकोळ अपराध आणि हा आरोप यांतील अंतर ध्यानात घेतले, म्हणजे पत्रकारावर कोणते कलम लावले जाते हा प्रश्न किती मोलाचा आहे ते उमगते.

3. निरीक्षक की सहभागी?

खरा पेच हेतूचा आहे. आंदोलनाची आगाऊ माहिती असणे म्हणजे त्यात सामील असणे नव्हे. पत्रकारांना अशी निमंत्रणे नेहमीच येतात. 2013 मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये एका स्त्रीवादी कार्यकर्तीने निदर्शन केले, त्या वेळीही पत्रकार उपस्थित होते. याउलट 10 डिसेंबर 1989 रोजी न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये ‘ॲक्ट अप’ या एड्सविषयक संघटनेने प्रार्थनेत व्यत्यय आणला. त्यावर माहितीपट करणारे रॉबर्ट हिल्फर्टी हे त्याच संघटनेचे सदस्य होते. तेव्हा कॅमेरा हाती असणे हा तटस्थतेचा पुरावा नाही, तसाच तो सहभागाचाही पुरावा नाही. व्यक्तीने प्रत्यक्षात काय केले, हेच पाहावे लागते. घोषणा दिल्या काय? वाट अडविली काय? आंदोलकांना सूचना दिल्या काय? बाहेर जाण्यास सांगितल्यावरही तेथेच रेंगाळली काय?

येथे उपासकाची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. लेकराबाळांसह प्रार्थनेस बसलेल्या माणसाला अंगावर येणाऱ्या गर्दीत पत्रकार कोण आणि आंदोलक कोण हे कळत नाही. त्याच्यासमोर अनाहूतपणे धरलेला ध्वनिक्षेपक हाही त्याच्या दृष्टीने त्या गोंधळाचाच भाग असतो. कायद्याने गुन्हा नसलेली प्रत्येक गोष्ट व्यावसायिक नीतीला धरून असतेच असे नाही.

4. भारतीय कायद्याशी तुलना

भारतीय न्याय संहितेच्या कलम 300 मध्ये (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम 296) कायदेशीरपणे उपासनेत मग्न असलेल्या समुदायास ‘स्वेच्छेने’ व्यत्यय आणणे हा एक वर्षापर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा मानला आहे. येथे बळाची अट नाही, त्यामुळे कलमाची व्याप्ती अमेरिकी कायद्याहून मोठी आहे. साहजिकच ‘स्वेच्छेने’ या शब्दाचा काटेकोर अर्थ लावणे आपल्याकडे अधिकच अगत्याचे ठरते.

निष्कर्ष

1) वृत्तपत्रस्वातंत्र्य पत्रकारास उपासनास्थळी प्रवेशाचा वा तेथे थांबण्याचा हक्क देत नाही, निघून जाण्यास सांगितल्यावर त्याने बाहेर पडले पाहिजे.

2) मात्र बेकायदा प्रवेश आणि उपासनेतील व्यत्यय हे भिन्न अपराध आहेत. पहिल्याचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरणे न्यायास धरून नाही.

3) पत्रकाराचा दोष त्याच्या स्वतःच्या कृतीवरून ठरावा, तो कोणाबरोबर आत आला यावरून नव्हे.

प्रार्थनेचा भंग झाला हे समाजाला कळावे, यासाठीही तेथे कोणीतरी साक्षीदार असावा लागतो. साक्षीदारालाच कटातील भागीदार ठरविण्याची प्रथा पडली, तर उद्या उपासकांवर होणाऱ्या अन्यायाची वार्ता देण्यासही कोणी धजावणार नाही.