डेड स्टॉकमधून मामांच्या घरी

आरशाचं जुनं गॅल्व्हानोमीटर उघडलं की आत अगदी मोजक्या वस्तू दिसतात. नालाच्या आकाराचा एक लोहचुंबक. त्याच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याच्या बारीक तारेची कॉइल. ती टांगायला फॉस्फर ब्राँझची नाजूक पट्टी आणि कॉइलच्या वरच्या बाजूला चिकटवलेला करंगळीच्या नखाएवढा आरसा. कॉइलमधून विद्युतप्रवाह गेला की ती किंचित वळते, तिच्याबरोबर आरसा वळतो आणि आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका समोरच्या पट्टीवर सरकतो. बीएस्सी केलेल्या कुणालाही हा ‘स्पॉट’ आठवत असेल. अंधाऱ्या खोलीत तो सापडायलाच निम्मं प्रॅक्टिकल जायचं.

या रचनेची ताकद भूमितीत आहे. आरसा जेवढा वळतो त्याच्या दुपटीने प्रकाशकिरण वळतो. आरसा एक अंश फिरला तर एक मीटरवरच्या पट्टीवर ठिपका साडेतीन सेंटिमीटर सरकतो. प्रकाशाच्या काट्याला वजन नसतं, म्हणून तो हवा तेवढा लांब करता येतो. चांगल्या स्थितीतलं गॅल्व्हानोमीटर एका मीटरवर मिलिमीटरभर ठिपका हलवायला सुमारे एक नॅनोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा अब्जावा भाग एवढाच प्रवाह घेतं.

आमच्या कॉलेजच्या लॅबमधले मामा निवृत्त व्हायचे होते, तेव्हा असंच एक गॅल्व्हानोमीटर भंगाराच्या ढिगात होतं. डेड स्टॉक रजिस्टरमधून त्याचं निर्लेखन झालं होतं. सोबत पोस्ट ऑफिस बॉक्स, म्हणजे रोधांची पेटी होती, टॅपिंग की होत्या, पितळी नळीचा मायक्रोस्कोप होता. विद्यार्थ्यांनी लिलावातून हे सगळं रीतसर विकत घेतलं आणि यातून मामांसाठी टेबललॅम्प करायचं ठरवलं. मायक्रोस्कोपच्या नळीवर बल्ब बसवायचा, बॉक्सचा तळ करायचा. तो देखणा झाला असता, यात शंका नाही. पण ज्या माणसाने तुटलेल्या पट्ट्या चिमट्याने पुन्हा डकवून ही उपकरणं वर्षानुवर्षं चालती ठेवली, त्याला त्याच उपकरणाचा सांगाडा भेट द्यायचा हे मला पटेना. त्याला काही मोजणारी वस्तू द्यायला हवी, एवढं मी बोललो. पुढचं मुलांनी केलं.

त्यांनी गॅल्व्हानोमीटर नवी पट्टी लावून जिवंत केलं. दिव्याच्या जागी एलईडी आणि छोटं भिंग बसवलं. प्रश्न होता प्रवाह कुठून आणायचा. सेल जोडला तर ठिपका पट्टीबाहेर उडून जाणार. मग एका मुलीने थर्मोकपल सुचवलं. तांब्याची एक तार आणि कॉन्स्टंटन या मिश्रधातूची एक तार यांची टोकं पिळून जोडली आणि तो जोड गरम केला की मंडलात विद्युतदाब तयार होतो. हा परिणाम थॉमस झेबेक यांनी १८२१ मध्ये पाहिला. तांबं आणि कॉन्स्टंटन या जोडीला दर अंशामागे साधारण ४० मायक्रोव्होल्ट मिळतात.

आता हिशेब बघा. जोड दोन बोटांत धरला आणि तो खोलीपेक्षा पाच अंशांनी गरम झाला तर २०० मायक्रोव्होल्ट झाले. एवढाही दाब या गॅल्व्हानोमीटरला फार होतो. म्हणून मालिकेत पाच हजार ओहमचा रोध घालायचा, तो पोस्ट ऑफिस बॉक्समधला. प्रवाह उरतो सुमारे ४० नॅनोअँपिअर आणि ठिपका जातो चार सेंटिमीटर. भिंतीवर अगदी छान दिसेल एवढा. माणसाच्या बोटांची ऊब एक मीटरवरच्या भिंतीवर चालताना दिसते.

पोस्ट ऑफिस बॉक्सचाही इथे निव्वळ शोभेसाठी उपयोग झाला नाही, याचा मला विशेष आनंद आहे. ब्रिटनच्या टपाल खात्यात तारायंत्राच्या केबलमधला दोष शोधायला ही पेटी वापरत, म्हणून तिचं हे नाव. आतल्या रोधांची तार मँगनिनची असते. तांबं, मँगनीज आणि थोडं निकेल असलेला हा मिश्रधातू एडवर्ड वेस्टन यांनी १८९२ मध्ये तयार केला. त्याआधीचं कॉन्स्टंटनही त्यांचंच. तापमान बदललं तरी दोन्हींचा रोध जवळजवळ तेवढाच राहतो. पण कॉन्स्टंटनची तार तांब्याला जोडली की जोडाच्या ठिकाणी वर सांगितलेला विद्युतदाब उभा राहतो आणि सूक्ष्म मोजमाप बिघडवतो. मँगनिनमध्ये हा त्रास नगण्य. मामांच्या भेटीत हे दोन्ही मिश्रधातू एकाच मंडलात आहेत. कॉन्स्टंटनचा जो दोष तोच थर्मोकपलमध्ये कामाला आलाय आणि मँगनिन आपल्या गुणासाठी आहे.

सफाई करताना मी एकच हट्ट धरला. पितळेला चिंच लावायची नाही, पितांबरीही नाही. जुन्या उपकरणांच्या पितळेवर लाखेचा पातळ थर असतो आणि त्याखाली कोरलेल्या रेघांमध्ये काळा रंग भरलेला असतो. घासलं की थर जातो आणि रेघाही. पेटीचं एबोनाइटचं झाकण हिरवट-तपकिरी झालं होतं. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. उजेडात त्यातल्या गंधकाचं ऑक्सिडीकरण होतं आणि पृष्ठभागावर आम्लाचा अंश जमतो. मग ते चांगलं विद्युतरोधक राहत नाही. ते नुसतं ओल्या फडक्याने पुसून, सुकवून पेटीचा रोध पुन्हा तपासून घेतला.

असं काही करायची इच्छा झाली तर दोन गोष्टींना मात्र हात लावू नका. फोर्टिनच्या वायुभारमापकात पारा असतो. त्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, आणि ती विषारी असते. दुसरी गोष्ट म्हणजे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेल्या जुन्या तबकड्या. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात विमानांचे जुने डायल दिसले तर त्यांच्या रंगात रेडियम असू शकतं. रंगातलं झिंक सल्फाइड झिजल्यामुळे चमक गेलेली असते, पण रेडियमचा अर्धायुष्यकाल १,६०० वर्षांचा आहे. तो रंग खरवडून हवेत उडवणं फार धोक्याचं.

आणि मोडण्याआधी उपकरण काय आहे ते नीट बघा. जगदीशचंद्र बोसांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिलिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय तरंगांवर काम केलं, त्यातली उपकरणं कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटने जपली. त्यात त्यांनी रेल्वेचं वेळापत्रक ध्रुवक (पोलरायझर) म्हणून वापरलं होतं. पानापानांत धातूचा वर्ख घातलेलं ते पुस्तक कुणी रद्दीत टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

तयार पेटीवर एक छोटी पाटी बसवायची होती. ती लेझरने कोरून घेतली आणि त्या यंत्राच्या आत काय आहे हे मामांना सांगायची संधी मला निरोपसमारंभातच मिळाली. लेझरचा किरण अक्षरांच्या वळणांवरून नेणारे दोन आरसे त्यात असतात, एक आडव्या आणि एक उभ्या दिशेसाठी. त्यांना कारागीर ‘गॅल्व्हो’ म्हणतात. ते आरशाचे गॅल्व्हानोमीटरच आहेत. डोळ्याच्या पडद्याचं ओसीटी स्कॅन करणाऱ्या यंत्रातही बहुधा असेच आरसे असतात.

पण रचना उलटी आहे. आमच्या गॅल्व्हानोमीटरमध्ये कॉइल फिरते आणि चुंबक स्थिर. ही १८८२ मधली दे आर्सोनव्हाल यांची पद्धत. आजच्या गॅल्व्होंपैकी पुष्कळांत कॉइल स्थिर असते आणि आरशाच्या दांड्यावरचा चुंबक फिरतो. १८५८ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी अटलांटिकखालच्या केबलसाठी केलेल्या गॅल्व्हानोमीटरमध्येही आरशाच्या पाठीला चिकटवलेले इवलेसे चुंबकच फिरायचे. त्या केबलमधून राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे सोळा तास लागले होते, इतके ते संकेत क्षीण आणि संथ होते. पुढे वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला आणि तीनेक आठवड्यांत केबल निकामी झाली.

मामा सगळं ऐकून घेत होते. त्यांनी जोड बोटांत धरला, ठिपका भिंतीवर निघाला, ठरलेली जागा ओलांडून पुढे गेला, मागे आला, डोलायला लागला. त्यांनी सवयीने टॅपिंग की दाबली. कॉइलची दोन टोकं एकमेकांना जोडली गेली की चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या कॉइलमध्ये तयार होणारा प्रवाह तिच्याच हालचालीला विरोध करतो आणि डोलणं शमतं. मग त्यांनी विचारलं, ‘‘सर, त्या लेझरवाल्या आरशाला कोण थांबवतं? तिथे तर की दाबायला कुणीच नाही.’’

आरशामागे त्याची स्थिती सतत मोजणारा संवेदक असतो, असं मी सांगितलं. आरसा ठरलेल्या कोनाजवळ आला की इलेक्ट्रॉनिक मंडल त्याला आवरणारा उलटा प्रवाह सोडतं. छोट्या वळणासाठी हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आत होतं. ‘‘म्हणजे आपली कीच,’’ मामा म्हणाले, ‘‘फक्त तिला डोळे दिलेत.’’