गंज गाडीचा, दुखणे डोळ्याचे

दसरा जवळ आला की माझ्या दवाखान्यात एक ठरलेला रुग्ण येतो. एक डोळा रुमालाने झाकलेला आणि बोटांवर तांबूस डाग! गेल्या वर्षीचा तरुण वडिलांची जुनी येझदी घरीच रंगवीत होता. हँडल आणि सायलेन्सरवरचा गंज काढायला त्याने ड्रिलला तारेचा गोल ब्रश लावला. डोळ्यांवर काहीच नव्हते. संध्याकाळी डोळ्यात काहीतरी गेले, ते आईने पदराच्या टोकाने पुसून पाहिले आणि रात्री दुधाची घडी ठेवली. सकाळी डोळा लालभडक. भिंगातून पाहतो तो बुबुळावर लोखंडाचा बारीक कण आणि भोवती तपकिरी कडे. लोखंड डोळ्याच्या ओलाव्यात काही तासांतच गंजू लागते. मी त्याला लगेच नेत्रतज्ज्ञाकडे धाडले.

वाचकहो, मुळात क्रोम गंजत नाही. त्याचा थर अतिशय पातळ असतो, त्याखाली बहुधा निकेल आणि त्याखाली लोखंड. थराला बारीक छिद्रे पडली की ओल आतल्या लोखंडापर्यंत पोचते आणि गंज वर डोकावतो. म्हणून बारीक ठिपक्यांसाठी मशीन लागतच नाही. पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून हलक्या हाताने घासावी, ठिपके निघतात. रंग देण्यापूर्वी क्रोमची चकाकी मोडावी लागते, नाहीतर रंग धरत नाही. त्यासाठी वॉटर पेपर पाणी लावूनच घासावा, म्हणजे धूळ उडून छातीत जात नाही. हातमोजे हवेतच, कारण सुटलेल्या क्रोमची पापडी ब्लेडसारखी कापते आणि निकेलने काहींच्या कातडीला खाज व पुरळ येते.

आता ॲसिड. हा उद्योग मी स्वतः तरुणपणी केला आहे, म्हणून हक्काने सांगतो. संडास साफ करायचे ॲसिड घेऊन बंद मोरीत स्कूटरचे भाग धुतले. दोन दिवस खोकत होतो, आणि वाफेने शेजारची चांगली हत्यारेही गंजली ती वेगळीच! असे ॲसिड आणि कपडे शुभ्र करायचे ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, तो जिवावर बेतू शकतो. ॲसिड डोळ्यात वा अंगावर उडाले तर लिंबू-सोडा शोधत बसू नये. नळाखाली निदान पंधरा-वीस मिनिटे सतत धुवावे आणि मगच डॉक्टर गाठावा.

हल्ली काही हौशी मंडळी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढतात. साध्या लोखंडी भागांना ही रीत चालते, पण क्रोमच्या भागांवर ती करू नये आणि दुसऱ्या टोकाला स्टीलचा चमचाही टांगू नये. त्यातून क्रोमियमचे विषारी रूप पाण्यात उतरू शकते. ते कर्करोगकारक आहे, आणि असे पाणी शेवटी आपण परसातच ओतणार!

गंजलेला पत्रा लागला की धनुर्वात होतो, असे सगळेच म्हणतात. खरे तर धनुर्वाताचे जंतू माती, शेण, धुळीत असतात, गंजात नव्हे. खोल, मळकट जखम त्यांना मानवते. जखम साबण-पाण्याने धुवावी. मळकट जखम असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर पुन्हा घ्यावे.

रंगाबद्दल एकच सांगतो. हार्डनर मिसळायचा रंग घरी फवारू नये. त्यातील आयसोसायनेटने दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यापुढे काहीही करत नाही. ते काम रंगाच्या गॅरेजवाल्याकडे द्यावे. साधा रंग अंगणात, ब्रशने द्यावा. जवळ विडी-सिगारेट नको, थिनर पेट घेतो.

त्या तरुणाचा कण निघाला, पण बुबुळावर पुसटसा डाग राहिला आहे. तो नेमका मध्यभागी नाही, म्हणून नजर वाचली. परवा तो येझदीवरून वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या लिहून न्यायला आला होता. हँडल काळे केले आहे. सायलेन्सर मात्र तसाच तांबडा. विचारले तर म्हणाला, "डॉक्टर, आधी चष्मा घेतो, मग बघू."